‘रिफ्रेश’ केल्यावर नेमके काय ताजे होते?

आरक्षणाच्या संकेतस्थळावर एक आसन रिकामे दिसते, आपण ते निवडतो आणि पुढच्याच क्षणी ‘हे आसन उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. एखाद्या कार्यालयात दोघांनी एकाच ग्राहकाची नोंद उघडलेली असते. एकाने पत्ता दुरुस्त केला तरी दुसऱ्याच्या पडद्यावर तासभर जुनाच पत्ता दिसत राहतो. अशा वेळी ‘सिस्टीम गंडली आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काहीच गंडलेले नसते. आपण डेटाबेसकडे थेट पाहत नसतो, त्याने थोड्या वेळापूर्वी दिलेल्या उत्तराकडे पाहत असतो. ते उत्तर पुन्हा ताजे कोणी करायचे, केव्हा करायचे आणि कितपत करायचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही, कारण ‘रिफ्रेश’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगवेगळ्या क्रिया दडलेल्या आहेत आणि बरेचसे घोटाळे त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

उत्तर म्हणजे एक प्रत

डेटाबेस म्हणजे टेबलांमध्ये, म्हणजे ओळी आणि स्तंभ यांमध्ये, नीट लावून ठेवलेली माहिती. तिला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यात ही प्रश्नोत्तरे ज्या ठरावीक आज्ञांमधून होतात, त्या आज्ञांच्या संचाला प्रोग्रामिंग इंटरफेस म्हणतात. या लेखात त्याला नुसते ‘इंटरफेस’ म्हटले आहे.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल रचनेतली एक कल्पना आजही या सगळ्याच्या मुळाशी आहे : माहिती कुठे आणि कशी साठवली आहे हे प्रोग्रामला ठाऊक असण्याची गरज नाही, त्याने फक्त काय हवे ते सांगावे. ‘ज्यांची रक्कम थकली आहे असे ग्राहक द्या’ एवढे म्हटले की ते शोधायचे कसे, हे डेटाबेस पाहून घेतो. उत्तरही ओळी आणि स्तंभ अशाच रूपात येते, त्यामुळे ते मूळ टेबलासारखेच दिसते. फसगत इथूनच सुरू होते. दिसायला टेबल असले तरी ती एक प्रत असते, आणि प्रत निघाल्यानंतर मूळ टेबलात काय घडले याची तिला गंधवार्ता नसते.

सूचनाफलकाचा फोटो काढून आपण घरी आलो, असे समजा. फोटो खरा आहे, स्पष्ट आहे, आणि काढला त्या क्षणी तो पूर्णपणे बरोबर होता. नंतर कोणी फलकावरची सूचना बदलली, तर फोटोतली सूचना बदलत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. पडद्यावरच्या यादीकडून मात्र आपण नेमकी तीच अपेक्षा करतो, कारण यादीखालचे आकडे हलतात, बटणे दाबता येतात, सारे काही जिवंत भासते.

मग यादी आपोआप का बदलत नाही?

संगणक एवढे वेगवान असताना प्रत्येक बदल प्रत्येक पडद्यावर ताबडतोब का पोहोचू नये, ही शंका रास्त आहे. पहिली अडचण हिशेबाची आहे. डेटाबेसमध्ये एक ओळ बदलली की ती कोणाकोणाच्या उत्तरात बसते, हे शोधण्यासाठी त्या क्षणी उघड्या असलेल्या प्रत्येक यादीची अट तपासावी लागेल. पन्नास लोक पाहत असतील तर ते जमून जाईल. पन्नास हजार लोक वेगवेगळ्या अटी लावून पाहत असतील, तर एका ओळीच्या बदलापेक्षा त्याची वार्ता पोहोचवण्याचेच काम मोठे होऊन बसते.

दुसरा उपाय असा सुचू शकतो की यादी कोणी पाहत असेपर्यंत तिच्यातल्या ओळींना कुलूप लावावे, म्हणजे त्या बदलणारच नाहीत आणि जुन्याही होणार नाहीत. असे करता येते, पण मग यादी उघडी ठेवून कोणी जेवायला गेला, तर बाकीच्यांचे काम तो परत येईपर्यंत ठप्प होते.

तिसरी अडचण तंत्राची नसून माणसाची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत कमी विचारात घेतली जाते. आपण यादीतली सातवी ओळ निवडायला जावे आणि त्याच क्षणी वर एक नवी ओळ घुसून सातवीची आठवी व्हावी, म्हणजे बोट भलत्याच नोंदीवर पडणार. आपण रकान्यात काही लिहीत असताना खालून नवी माहिती येऊन आपले लिहिलेले पुसले गेले, तर ताजेपणाचे कौतुक कोणालाच वाटणार नाही. म्हणूनच बहुतेक इंटरफेस मुद्दाम आपोआप काही करत नाहीत; रिफ्रेशची आज्ञा प्रोग्रामच्या हाती देऊन थांबतात.

दोन आज्ञा, दोन वेगळे परिणाम

मायक्रोसॉफ्टच्या एडीओ या इंटरफेसमध्ये क्वेरीचे उत्तर ‘रेकॉर्डसेट’ नावाच्या वस्तूत येते, आणि ते ताजे करण्यासाठी ‘रीक्वेरी’ आणि ‘रीसिंक’ अशा दोन आज्ञा आहेत. नावे सारखी वाटत असली तरी त्यांची कामे निराळी आहेत. फरक एकदा नीट समजला की इतर कोणत्याही इंटरफेसमधले गणित उलगडते, म्हणून इथे थोडे थांबू.

वर्गाच्या हजेरीपटाचे उदाहरण घ्या. शिक्षकांकडे सकाळी तयार केलेली क्रमांकांची यादी आहे. दुपारी त्यांना माहिती ताजी करायची असेल तर दोन मार्ग आहेत. यादीतल्या प्रत्येक क्रमांकाच्या विद्यार्थ्याला पुन्हा विचारून त्याचा पत्ता, उंची, जे काही असेल ते दुरुस्त करून घ्यायचे, हा एक मार्ग. हे रीसिंक झाले. त्यात प्रत्येकाची माहिती अद्ययावत होते, पण दुपारी वर्गात दाखल झालेला नवा विद्यार्थी यादीत येत नाही, कारण त्याचा क्रमांक पटावरच नाही. शाळा सोडून गेलेल्याचा क्रमांक मात्र पटावर तसाच राहतो. त्याला हाक मारली की उत्तर येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे जुना पट बाजूला ठेवून ‘या वर्गात आत्ता कोण कोण आहे’ हा प्रश्न पहिल्यापासून विचारायचा आणि नवा पट तयार करायचा. हे झाले रीक्वेरी. एडीओच्या दस्तऐवजात स्पष्टच म्हटले आहे की रीक्वेरी म्हणजे रेकॉर्डसेट बंद करून पुन्हा उघडणे, आणि रीसिंक मात्र मूळ क्वेरी पुन्हा चालवत नाही, त्यामुळे नव्या नोंदी त्यात दिसत नाहीत.

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस हा डेटाबेस प्रोग्राम वापरणाऱ्यांना हाच फरक ‘रिफ्रेश’ आणि ‘रीक्वेरी’ या नावांनी भेटतो. तिथे नुसते रिफ्रेश केले की दुसऱ्या कोणी काढून टाकलेल्या नोंदीच्या जागी ती ‘काढली गेली’ अशी खूण दिसते, ओळ मात्र जागा अडवून बसते. रीक्वेरी केल्यावरच ती निघून जाते आणि नव्या नोंदी आत येतात. त्याची किंमतही मोजावी लागते. रीक्वेरीनंतर आपण पुन्हा पहिल्या नोंदीवर फेकले जातो. दोनशेव्या नोंदीवर काम करणाऱ्याला दर वेळी पहिल्या ओळीवर नेऊन सोडणारा प्रोग्राम ताजी माहिती देत असला तरी शिव्याच खातो. त्यावरचा उपाय जुना आणि साधा आहे : रीक्वेरीपूर्वी चालू नोंदीची किल्ली, म्हणजे तिचा एकमेव ओळख क्रमांक, लक्षात ठेवायचा आणि नंतर त्या किल्लीने नोंद शोधून तिथे परत जायचे. ओळीचा अनुक्रमांक लक्षात ठेवून चालत नाही, कारण नव्या उत्तरात दोनशेव्या जागी दुसरीच कोणी असू शकते.

रीसिंकमध्ये आणखी एक खाच आहे, ती सहज ध्यानात येत नाही. ‘थकबाकी असलेले ग्राहक’ अशी यादी आहे, आणि त्यातल्या एकाने दरम्यान रक्कम भरून टाकली. रीसिंक केल्यावर त्याची थकबाकी शून्य दिसेल, पण तो थकबाकीदारांच्या यादीत तसाच राहील. प्रत्येक आकडा खरा आणि यादी मात्र खोटी, असा हा विचित्र प्रकार. क्रमवारीचेही तसेच : रकमेनुसार लावलेल्या यादीत रक्कम बदलली तरी ओळ आपली जागा सोडत नाही.

अर्धवट लिहिलेल्या मजकुराचे काय होते, हेही विचारून घेतले पाहिजे. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जेडीबीसी इंटरफेसमध्ये ‘रिफ्रेशरो’ ही आज्ञा चालू ओळ डेटाबेसमधून पुन्हा आणते. ओळीत बदल केले आहेत पण अजून पाठवलेले नाहीत अशा वेळी ती दिली, तर ते बदल नाहीसे होतात. एडीओच्या रीसिंकमध्ये मात्र निवड करता येते : आपले न जतन केलेले बदल पुसून सारे नवे घ्यायचे, की आपले बदल तसेच ठेवून फक्त पार्श्वभूमीचे मूळ मूल्य अद्ययावत करायचे. काहीच सांगितले नाही तर पुसणे गृहीत धरले जाते. अशा न सांगितलेल्या गृहीतकांमुळेच ‘मी भरलेले गेले कुठे’ अशा तक्रारी येतात.

कर्सर : प्रत किती जिवंत आहे?

उत्तरातून एकेक ओळ पुढे सरकत वाचण्याच्या साधनाला कर्सर म्हणतात. काही कर्सर फक्त पुढेच जातात आणि वाचलेले विसरतात. ‘स्टॅटिक’ कर्सर म्हणजे निव्वळ फोटो. ‘कीसेट’ कर्सर म्हणजे वर सांगितलेला हजेरीपट : किल्ल्यांची यादी पक्की, तपशील मात्र ओळीवर गेल्यावर नव्याने आणलेला. ‘डायनॅमिक’ कर्सर सर्वांत जिवंत; त्यात नव्या, बदललेल्या आणि काढलेल्या ओळी पुढे-मागे सरकताना दिसत राहतात, पण त्यासाठी डेटाबेसला सतत राबावे लागते. जेडीबीसीमध्येही बदलांना ‘संवेदनशील’ आणि ‘असंवेदनशील’ असे प्रकार आहेत. नावावर विसंबू नये, एवढे मात्र सांगावेसे वाटते. प्रोग्रामने मागितलेला प्रकार मधला ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारा सॉफ्टवेअरचा भाग, देऊ शकत नसेल, तर तो गुपचूप दुसरा प्रकार हाती ठेवू शकतो. काय मागितले यापेक्षा काय मिळाले, हे तपासणे अधिक उपयोगाचे.

क्वेरी पुन्हा चालवली, तरी उत्तर जुनेच का?

इथवर वाचलेला माणूस म्हणेल की मग प्रश्न मिटला. शंका आली की क्वेरी पहिल्यापासून चालवावी. पण नवशिक्यांना सर्वांत जास्त चक्रावून टाकणारा अनुभव नेमका इथेच येतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो दर दहा सेकंदांनी मायएसक्यूएल डेटाबेसला ‘नवी ऑर्डर आली का’ असे विचारतो. दुसऱ्या खिडकीतून आपण स्वतः नवी ऑर्डर घातली. त्या खिडकीत ती दिसते. प्रोग्राम मात्र तासभर विचारत राहतो आणि त्याला दर वेळी ‘नाही’ असेच उत्तर मिळते. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की ऑर्डर लगेच दिसते.

याचे कारण ट्रान्झॅक्शनमध्ये आहे. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट. तो पक्का करणे म्हणजे ‘कमिट’, रद्द करणे म्हणजे ‘रोलबॅक’. एकाच वेळी अनेक ट्रान्झॅक्शन चालू असताना एकमेकांचे बदल कितपत दिसावेत, यासाठी एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला क्वेरी विचारण्याच्या भाषेच्या, १९९२ च्या प्रमाणात चार पातळ्या ठरवल्या गेल्या. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत काही न सांगता ‘रिपीटेबल रीड’ ही पातळी लागू असते. तिचा अर्थ असा की ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या वाचनाच्या वेळी डेटाबेसचे एक चित्र गोठवले जाते आणि त्यानंतरची सर्व साधी वाचने त्याच चित्रातून होतात. स्वतः केलेले बदल दिसतात, इतरांनी नंतर कमिट केलेले दिसत नाहीत. त्यात पायथॉनच्या डेटाबेस इंटरफेसचे प्रमाण असे सांगते की प्रत्येक आज्ञा आपोआप कमिट होण्याची सोय सुरुवातीला बंद असली पाहिजे. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे आहेत. एकत्र आले की प्रोग्रामची पहिली क्वेरी नकळत ट्रान्झॅक्शन उघडते, ते कोणी मिटत नाही, आणि पुढचा प्रत्येक प्रश्न त्याच गोठलेल्या चित्राला विचारला जातो.

फोटोच्याच उदाहरणाने सांगायचे तर आपण दर दहा सेकंदांनी फलकाकडे पाहत नसून दर दहा सेकंदांनी तोच फोटो खिशातून काढून पाहत असतो. उपाय एका ओळीचा आहे : प्रत्येक फेरीनंतर कमिट किंवा रोलबॅक करावे, म्हणजे पुढचे वाचन नवे चित्र घेऊन सुरू होते. केवळ वाचन केल्यावर कमिट कशाला, असा प्रश्न पडतो. या संदर्भात कमिटचा अर्थ ‘माझे बदल साठव’ असा नसून ‘माझा जुना फोटो टाकून दे’ असा असतो. पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसांत काही न सांगता ‘रीड कमिटेड’ ही पातळी असते, त्यामुळे तोच प्रोग्राम तिथे लिहिला तर प्रत्येक क्वेरीला तोवर कमिट झालेले सारे दिसते आणि हा घोटाळा होत नाही. एकाच प्रोग्रामचे दोन डेटाबेसवर दोन वर्तन दिसले, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

चित्र गोठवणे ही खोडी आहे असे मात्र समजू नये. लांबलचक अहवाल तयार करणारा प्रोग्राम आधी शाखानिहाय बेरजा काढतो आणि मग एकूण बेरीज काढतो; दरम्यान नवी नोंद आली आणि ती दिसली, तर शाखांची बेरीज आणि एकूण आकडा जुळणारच नाही. अहवालाला ताजेपणापेक्षा आपसातली सुसंगती महत्त्वाची असते. फक्त ते चित्र फार काळ धरून ठेवू नये. कोणीतरी जुने चित्र पाहत आहे तोवर डेटाबेसला ओळींच्या जुन्या आवृत्त्या टाकून देता येत नाहीत आणि त्यांचा ढीग साचत जातो. ओरॅकलमध्ये उलट बाजूने अडचण येते : जुनी आवृत्ती पुसली गेलेली असेल तर ‘स्नॅपशॉट फार जुना’ अशा अर्थाची ओआरए-०१५५५ ही चूक येऊन क्वेरी थांबते.

मधला मदतनीस आणि त्याची स्मरणशक्ती

आजचे बरेच प्रोग्राम डेटाबेसशी थेट बोलत नाहीत. ओळींचे रूपांतर प्रोग्रामच्या वस्तूंमध्ये करणारा एक थर मध्ये असतो, त्याला ओआरएम म्हणतात. हा मदतनीस कामसू आहे, पण एकदा आणलेले तो लक्षात ठेवतो, आणि त्यामुळे ताजेपणाचा आणखी एक प्रश्न उभा राहतो.

पायथॉनमध्ये संकेतस्थळे बांधण्याच्या जँगो या साधनातल्या ओआरएममध्ये क्वेरीची वस्तू एकदा पूर्ण वाचली की उत्तर तिच्यातच साठते. तीच वस्तू पुन्हा फिरवली तर डेटाबेसकडे कोणी जात नाही. एखादी एकटी नोंद ताजी करण्यासाठी तिथे ‘रिफ्रेश फ्रॉम डीबी’ ही आज्ञा आवृत्ती १.८ पासून आहे. एसक्यूएलअल्केमी या पायथॉनच्याच दुसऱ्या ओआरएममधला प्रकार अधिक गमतीचा आहे. तिथे एका सत्रात एका ओळीची एकच वस्तू असते. क्वेरी पुन्हा चालवली की प्रश्न खरोखर डेटाबेसपर्यंत जातो, उत्तरही ताजे येते, पण ती ओळ आधीच हाताशी असेल तर तिची नवी मूल्ये बाजूला सारून जुनीच वस्तू परत दिली जाते. डेटाबेसकडे गेलेल्या आज्ञांच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) पाहिले तर क्वेरी गेलेली दिसते, म्हणून दोष डेटाबेसला दिला जातो. वस्तुतः तुम्ही हातातल्या वस्तूत केलेले बदल नकळत पुसले जाऊ नयेत, म्हणून घेतलेली ती काळजी असते. ‘रिफ्रेश’ किंवा ‘एक्स्पायर’ म्हणून स्पष्ट सांगितले, की मूल्ये पुन्हा आणली जातात. कमिटनंतर तर ती काही न सांगताही शिळी धरली जातात.

तेव्हा जुने उत्तर दिसले की तीन ठिकाणी पाहावे लागते : प्रोग्रामच्या हातातली वस्तू, उघडे राहिलेले ट्रान्झॅक्शन आणि डेटाबेस. डेटाबेसच्या अनेक प्रती ठेवलेल्या असतील तर चौथे ठिकाणही आहे, कारण मुख्य प्रतीतला बदल वाचनाच्या प्रतींपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. आत्ताच जतन केलेले आपल्यालाच दिसत नाही, हा अनुभव अनेकदा त्यातून येतो.

दर सेकंदाला विचारले तर?

ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा विचारण्याला पोलिंग म्हणतात. ही पद्धत ओबडधोबड म्हणून हिणवली जाते, पण ती समजायला सोपी आहे, मध्येच संपर्क तुटला तरी पुढच्या फेरीत आपोआप सावरते, आणि छोट्या प्रणालीसाठी तिच्याहून चांगले सहसा काही नसते. हिशेब मात्र आधी करावा. पाचशे पडदे दर पाच सेकंदांनी विचारत असतील तर डेटाबेसवर सेकंदाला शंभर क्वेरी येतात, आणि त्यातल्या बहुतेकांचे उत्तर ‘काही बदल नाही’ एवढेच असते. अंतर एक सेकंदावर आणले की त्याच पाचशे पडद्यांच्या पाचशे होतात. मिळते काय, तर बदल दिसायला सरासरी अडीच सेकंद लागत होते, ते अर्ध्या सेकंदावर येते. चालक पडद्याकडे पाहून यंत्र थांबवणार असेल तर तो फरक मोलाचा. महिन्याची विक्री पाहायची असेल तर निरर्थक.

मधला मार्ग असा की दर वेळी पूर्ण यादी न मागता ‘मागच्या वेळेनंतर काय बदलले’ एवढेच विचारावे. त्यासाठी प्रत्येक ओळीत शेवटच्या बदलाची वेळ किंवा वाढत जाणारा क्रमांक हवा. या युक्तीची एक आंधळी बाजू आहे : काढून टाकलेली ओळ ‘मी बदलले’ असे सांगायला उरलेली नसते. म्हणून अशा प्रणालीत ओळ खरोखर न पुसता ‘रद्द’ अशी खूण करून ठेवावी लागते.

डेटाबेसनेच कळवावे ना?

तशी सोय आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘लिसन’ आणि ‘नोटिफाय’ या आज्ञांनी एक जोडणी दुसऱ्या जोडण्यांना हाक मारू शकते, आणि ती हाक कमिट झाल्यावरच पोहोचते, त्यामुळे रद्द झालेल्या बदलाची खोटी वार्ता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या २००५ च्या आवृत्तीपासून ‘या क्वेरीचे उत्तर बदलले की कळव’ अशी नोंदणी करता येते. अँड्रॉइडवर डेटाबेस वापरण्यासाठी असलेल्या रूम या तयार कोडसंचात (लायब्ररीत) यादीवर नजर ठेवण्याची सोय आधीपासून तयार मिळते.

या साऱ्यांचे स्वरूप दारावरच्या घंटेचे आहे. घंटा वाजली म्हणजे कोणीतरी आले एवढेच कळते. कोण आले ते पाहायला उठावेच लागते. एसक्यूएल सर्व्हरची सूचना एकदाच वाजते आणि नंतर नोंदणी पुन्हा करावी लागते. रूम टेबलाच्या पातळीवर लक्ष ठेवते, म्हणून त्या टेबलातली तुमच्याशी संबंध नसलेली ओळ बदलली तरी तुमची क्वेरी पुन्हा चालते. पोस्टग्रेएसक्यूएलची हाक त्या क्षणी ऐकत असलेल्यांनाच मिळते. जोडणी तुटलेल्या दोन मिनिटांत वाजलेल्या घंटा नंतर कोणी सांगत नाही. त्यामुळे पुन्हा जोडले गेल्यावर एक संपूर्ण रीक्वेरी करावीच लागते. म्हणजे कळवण्याची सोय असली तरी रीक्वेरी टळत नाही, ती फक्त योग्य वेळी होते.

पानापानाने येणाऱ्या याद्या

मोठे उत्तर वीस-वीस ओळींच्या पानांत येते, आणि प्रत्येक पान ही वेगळ्या वेळी विचारलेली वेगळी क्वेरी असते. नवीन नोंद सर्वांत वर येणाऱ्या यादीचे पहिले पान तुम्ही वाचत असताना वर एक ओळ आली, तर आधीची विसावी ओळ एकविसावी होते आणि दुसऱ्या पानावर ती पुन्हा भेटते. उलट पहिल्या पानावरची एक ओळ निघून गेली, तर एकविसावी ओळ विसावी होऊन मागे सरकते आणि तुमच्या नजरेतून निसटते. दुसऱ्यांदा दिसलेली ओळ खटकते तरी. निसटलेली कधीच कळत नाही. ‘पहिल्या वीस सोडून पुढच्या वीस’ असे न म्हणता ‘या किल्लीच्या पुढच्या वीस’ असे विचारले तर हा सरकण्याचा दोष जातो. त्यासाठी क्रम पक्का सांगितलेला असला पाहिजे. क्रम न सांगता विचारलेल्या क्वेरीच्या ओळी दर वेळी त्याच क्रमाने येतील अशी हमी एसक्यूएल देत नाही.

ताजे दिसले म्हणजे सुरक्षित झाले का?

समजा, सारे काही जमवले आणि यादी अर्ध्या सेकंदापेक्षा कधीच शिळी होत नाही. तरीही सुरुवातीचा आसनाचा प्रसंग घडेल. डोळ्यांनी वाचून बोटाने निवडेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, आणि तेवढ्यात दुसरा कोणी ते आसन घेऊ शकतो. रिफ्रेशची गती कितीही वाढवली तरी पाहणे आणि करणे यांतली फट बुजत नाही, म्हणून बरोबरपणाची जबाबदारी रिफ्रेशवर टाकणे ही मला या विषयातली सर्वांत महागडी चूक वाटते.

ती जबाबदारी लिहिण्याच्या क्षणी पार पाडायची असते. रूढ पद्धत अशी : प्रत्येक ओळीत आवृत्तीचा क्रमांक ठेवायचा, ओळ बदलली की तो वाढतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘रोव्हर्जन’ नावाचा आठ बाइटचा स्तंभ हे काम आपोआप करतो. प्रोग्राम बदल पाठवताना म्हणतो, ‘या ओळीची आवृत्ती अजून सात असेल, तरच हा बदल कर.’ दरम्यान कोणी ती आठ केली असेल तर अट जुळत नाही आणि डेटाबेस सांगतो की शून्य ओळी बदलल्या. हे शून्य तपासणे अनेक प्रोग्राम विसरतात, आणि मग पत्ता बदलणाऱ्या पहिल्या माणसाचे काम दुसऱ्याच्या ‘जतन करा’ने मुकाट पुसले जाते, कोणाला चूक दिसत नाही, पत्र मात्र जुन्या पत्त्यावर जाते.

शून्य आले की पुढे काय करायचे, ते प्रसंगावर अवलंबून आहे. आसनाच्या बाबतीत ‘उपलब्ध नाही’ असे सांगून नकाशा नव्याने आणणे पुरते. तो चिडवणारा संदेश म्हणजे ही तपासणी व्यवस्थित झाल्याची खूण होय. पत्त्याच्या बाबतीत मात्र नुसती रीक्वेरी करून चालत नाही, कारण त्यात माणसाने टाइप केलेला मजकूर जातो. तिथे त्या एका ओळीची नवी मूल्ये आणून जुने, दुसऱ्याचे आणि तुमचे अशी तिन्ही मूल्ये शेजारी दाखवावी लागतात, आणि कोणते ठेवायचे ते त्या माणसाला विचारावे लागते. आपले बदल न पुसता फक्त मूळ मूल्ये अद्ययावत करणारा रीसिंकचा दुसरा पर्याय आधी किचकट वाटला असेल, तर तो याच कामासाठी आहे.